खोगीरभरती

कोल्हापुरात उद्यमनगरात आमचा सीट भरण्याचा गाळा होता. समोर लेथ, शेजारी वेल्डिंग, आणि मध्ये दहा बाय बाराच्या जागेत आबा, त्यांचं शिलाई मशीन आणि छतापर्यंत रचलेला काथ्या. काथ्या, रेक्झिन आणि सोल्यूशन यांचा मिळून एक वास असतो. तो माझ्या दप्तरालाही लागलेला असायचा. शाळेतून आलं की काथ्या पिंजायचं काम माझं. बोटांना कूस लागायचं, पण पिंजलेल्या काथ्याचा ढीग हलका होत वर येताना बघायला मला फार आवडायचं.

गिऱ्हाईक बहुतेक ट्रकवाले. गूळ भरून गुजरातकडे जाणारे ड्रायव्हर दोन-दोन रात्री त्या सीटवर काढायचे आणि कंबर धरून आमच्याकडे यायचे. आबा आधी सीट बघायचेच नाहीत. ड्रायव्हरला केबिनमध्ये बसवायचे, मागच्या खिशातलं पाकीट काढायला लावायचे आणि म्हणायचे, “बस आता रोज बसतोस तसा. अंग चोरू नकोस.” मग पायरीवर उभं राहून तळहात त्याच्या पाठीमागे सरकवायचे. कमरेशी, खांद्याखाली, मांडीखाली गुडघ्यापर्यंत. हात जिथं सहज आत जाईल तिथं खडूनं फुली. ड्रायव्हर सांगायचा, “आबा, दुखतंय ते हितं, फुली तिकडं कशाला?” त्यावर आबांचं एकच उत्तर मी शेकडो वेळा ऐकलंय. “दुखतंय तिथं न्हाई भरायचं. मोकळं हाय तिथं भरायचं.”

त्या वयात मला ते कोडं वाटायचं. कमरेमागे मोकळं राहिलं की कंबर सावरून धरायचं काम पाठीचे स्नायू दिवसभर करतात. मांडीखाली मोकळं राहिलं की सगळा भार बैठकीच्या दोन हाडांवर येतो. म्हणजे दुखणं एकीकडे आणि त्याचं कारण शेजारी. हे मी पुढे सांगलीला इंजिनीअरिंग करताना पुस्तकात आकृत्यांसकट वाचलं आणि मला आबांच्या फुल्या आठवल्या.

मधली वर्षं थोडक्यात सांगण्यासारखी आहेत. पुण्यात नोकरी, भोसरीपर्यंत रोजची स्कूटर, महिन्याकाठी एसटीनं कोल्हापूर. 2008 साली टाटांनी जग्वार लँड रोव्हर घेतली आणि पुण्याच्या इंजिनीअरांची इंग्लंडला ये-जा वाढली. मीही तिकडच्याच एका कामाच्या निमित्तानं वॉरिकशरमध्ये आलो आणि राहिलो. लेमिंग्टनला घर झालं, गॅरेज झालं, आणि चाळिशी उलटल्यावर मी लहानपणापासून मनात असलेली गोष्ट केली. दोन सीटची, उघड्या टपाची, 1993 सालची माझदा एमएक्स-5 घेतली.

ही गाडी 1989 मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांसमोर आली. वजन हजार किलोच्या आत, इंजिन पुढे, ओढ मागच्या चाकांची. ती करणाऱ्या जपानी मंडळींनी समोर ठेवलेला शब्द होता ‘जिन्बा इत्ताई’, म्हणजे घोडा आणि स्वार एक. माझ्या गाडीच्या आधीच्या मालकानं ट्रॅकवर पळवण्यासाठी तिच्या मूळ सीटा काढून फायबरच्या बकेट सीट बसवल्या होत्या. पाठ मागे-पुढे होत नाही, बाजूच्या भिंती बरगड्यांना धरतात, आणि कवचावर कापडाखाली बोटभर फोमही नाही. वळणावर अशी सीट फार मोलाची. साध्या सीटवर आपण गुडघा दाराला रेटतो, स्टिअरिंगला लोंबकळतो. इथं शरीर धरलेलं असतं, म्हणून हात फक्त स्टिअरिंगचं काम करतात. मागचं चाक घसरायला लागतं ते डोळ्यांच्या आधी कमरेला कळतं. पण घेतल्या दिवशी एम-40 वरून घरी येताना चाळीस मिनिटांत माझा डावा पाय बधिर झाला आणि गॅरेजमध्ये गाडीतून उतरताना कंबर सरळ होईना.

मी तेच केलं जे आमच्या गाळ्यात येणारा प्रत्येक ड्रायव्हर आधी करून आलेला असायचा. मऊ काहीतरी खाली घातलं. तीन इंच मेमरी फोम, कापून, कव्हर शिवून. डोळे थेट काचेच्या वरच्या चौकटीच्या रेषेत आले. शिवाय हा फोम अंगाच्या उबेनं मऊ होणारा. जानेवारीच्या सकाळी गॅरेजमध्ये तो लाकडासारखा कडक असायचा आणि ऑफिस आलं की मऊ व्हायचा. मांडीपट्टाही नीट बसेना. जाड मऊ गादीचा हा धोका गंभीर आहे. धडकेच्या वेळी गादी दबते, पट्टा सैल पडतो आणि शरीर पट्ट्याखालून पुढे सरकू शकतं. म्हणून रेसिंग सीटमध्ये फोम पातळ आणि घट्ट ठेवतात. हे मला माहीत असून मी तीन इंच भरले होते, कारण कंबर दुखत होती.

2016 च्या उन्हाळ्यात आई-आबा तीन महिन्यांसाठी आले. गाळा बंद करून त्यांना सहा वर्षं झाली होती. आबा गॅरेजमध्ये आले, गाडीभोवती एक फेरी मारली, मला आत बसवलं आणि दाराशी उकिडवे बसले. गाडी इतकी बुटकी की त्यांचं तोंड बरोबर माझ्या खांद्याशी आलं.

“पाकीट काढ,” ते म्हणाले.

मग हात आला. पंच्याहत्तरीला टेकलेला, दाभणानं चरे पडलेला अंगठा माझ्या कमरेमागून सरकत गेला. मनगटापर्यंत आत. मांडीखाली तर मूठ गेली. त्यांनी आधी माझा तीन इंची फोम बाहेर काढून भिंतीशी ठेवला. मग बाजूच्या पट्ट्यांचे बोल्ट बघितले. प्रत्येक पट्टीला एकाखाली एक भोकं असतात. पुढचे बोल्ट दोन भोकं वर घ्यायला लावले, आणि तरी बोटं जात होती म्हणून खाली दोन-दोन वॉशर. सीटचं नाक दोनेक सेंटिमीटर उचललं गेलं आणि मांड्या टेकल्या. एका पैचं सामान न भरता निम्मं काम झालं.

पाठीसाठी त्यांनी फोम नाकारला. गॅरेजमध्ये तंबूत अंथरायची निळी चटई होती, सेंटिमीटरभर जाडीची, न दबणारी. तिचे तुकडे केले. माझी ब्रेड कापायची सुरी त्यांना चालली नाही. हॅकसॉचं तुटकं पातं पायरीच्या दगडावर घासून त्याला धार लावली. कमरेसाठी तीन थर, प्रत्येक वरचा थर खालच्यापेक्षा बोटभर लहान. मधोमध, मणक्यासमोर, दोन बोटांची पन्हळ मोकळी. “मणक्याला काही टेकवायचं न्हाई. दोन्ही अंगाला आधार द्यायचा, तो मधी सुखानं ऱ्हातो.” कड उतरवताना ते डोळे मिटायचे. पातं चालायचं, अंगठा फिरायचा, परत पातं. जिथं तुकडा संपतो तिथं हाताला काही लागायला नको. ती कड राहिली की तासाभरात ती खड्यासारखी टोचते, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं, कारण डावीकडची एक कड राहिली होती.

तीन दिवस हे चाललं. तुकडे टेपनं चिकटवायचे, वीस मिनिटं चक्कर मारून यायचं, आबा हात घालून बघायचे. बहुतेक वेळा ते थर काढायचेच. शेवटी चार तुकडे उरले, सगळे मिळून मूठभर. त्यांच्या पाठीवर आबांनी खडूनं ‘उ’ आणि ‘डा’ लिहिलं आणि सोल्यूशन लावलं. गॅरेजला तो वास आला.

आपण लेखातल्या, भाषणातल्या फापटपसाऱ्याला खोगीरभरती म्हणतो. मला तो शब्द त्या अर्थानं वापरवत नाही. खोगीर भरणं हे जबाबदारीचं काम होतं. भरण चुकलं तर घोड्याची पाठ सोलते, आणि पाठ सोललेला घोडा स्वाराला वाटेत सोडतो. रेकारो या सीटच्या घराण्याचा मूळ पुरुष, श्टुटगार्टचा विल्हेल्म रॉयटर, खोगीरं करणारा कारागीरच होता. 1906 मध्ये त्यानं गाड्यांच्या बॉडीचा कारखाना काढला आणि त्याच्या नावाची सुरुवातीची अक्षरं आजही सीटवर शिवलेली असतात. फॉर्म्युला वनमध्ये तर ड्रायव्हरला फोमच्या पिशवीत बसवतात, दोन रसायनं मिसळून ओततात, फोम त्याच्या अंगाभोवती फुगून घट्ट होतो आणि त्या साच्यावरून कार्बन फायबरची सीट करतात. मी आबांना त्याचा व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो दोनदा बघितला. “बरोबर हाय. मोकळं तेवढंच भरतंय,” म्हणाले.

पुढच्या रविवारी त्यांना फॉस वेनं मॉर्टनपर्यंत न्यायचं ठरलं. रोमनांनी आखलेला सरळ रस्ता, आता अरुंद आणि उंचसखल. शेजारची सीटही तसलीच फायबरची. निघण्याआधी मी दाराशी उकिडवा बसलो आणि आबांच्या पाठीमागे हात घातला. वाळलेली पाठ, हात कुठंही अडला नाही. उरलेल्या निळ्या चटईचे तुकडे, एक टॉवेल, आईची शाल, असं भरत गेलो. ते काही बोलले नाहीत, फक्त एकदा शाल जरा खाली ओढली.

आबा कधी गाडीत झोपत नाहीत. कोल्हापूर-पुणे एसटीत रात्रभर ते सीटची कुरकुर ऐकत बसलेले मी बघितलेत. त्या दिवशी हॅलफर्डच्या पुढे मी काहीतरी दाखवायला वळलो, तर त्यांची मान एका बाजूला टेकली होती आणि तोंड किंचित उघडं होतं. मागून एक गाडी जवळ आली. मी डावीकडे घेऊन तिला वाट दिली, आणि गिअर न बदलता तसाच हळू चालवत राहिलो.