आजी चिडते तेव्हा

शनिवारची माझी ड्यूटी ठरलेली. ऑफिसची सॅक तशीच खांद्याला, आणि थेट आजीचं केअर होम. त्या दिवशी तिथल्या मावशी म्हणाल्या, "ताई, आंघोळीला आजी मारतात हो." डिमेन्शिया म्हटल्यावर चालायचंच, असं आम्ही धरून चाललेलो. झोपेची गोळीच मागणार होतो डॉक्टरांकडे!

"दुखतंय का गं?" विचारलं की आजीचं उत्तर "नाही". (तिला जेवलीस का विचारलं तरी नाहीच!) डॉक्टर म्हणाले, विचारू नका, ती उठताना नुसतं बघा. कपाळाला आठ्या, श्वास अडकलेला, मूठ गुडघ्यावर घट्ट. हे मोजायची 'पेनॅड' नावाची पट्टी २००३ पासून आहे. श्वास, कण्हणं, चेहरा, अंगाची हालचाल, समजावल्यावर शांत होणं. प्रत्येकाला ० ते २ गुण. आजीला १० पैकी ६.

नॉर्वेतल्या नर्सिंग होम्समधल्या ३५२ जणांवरचा अभ्यास २०११ मध्ये आला. दुखण्यावर नेमाने औषध दिलेल्यांची चिडचिड ८ आठवड्यांत कमी झाली. बहुतेकांना साधं पॅरासिटामॉलच होतं. आजीलाही डॉक्टरांनी तेच दिलं, वेळ बांधून, आंघोळीच्या आधी.

परवा मावशी पाय चोळत होत्या. आजी म्हणाली, "हळू गं, तो उजवा."