ओव्हर देताना

पेशंटचा श्वास मोजायचा असेल तर तसं त्याला सांगायचं नसतं. मनगट हातात धरायचं, नाडी मोजून झाली तरी बोटं तिथून काढायची नाहीत, आणि नजर छातीवर ठेवायची. सेकंदकाट्याला पूर्ण एक फेरा घेऊ द्यायचा. पेशंटला वाटतं, सिस्टर अजून नाडीच बघतेय. श्वास मोजला जातोय हे कळलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो. कुणी तो धरून ठेवतो, कुणी उगीच मोठा घेतो, आणि चार्टवर जो आकडा जातो तो त्याचा नसतो. नर्सिंगच्या पहिल्या वर्षातच हे शिकवतात. माणसांबद्दल लिहायचं कसं, याचा इतका चांगला धडा मला पुढे कुठल्याही लेखन-कार्यशाळेत मिळाला नाही.

सगळी नोकरी सरकारी रुग्णालयात झाली. शेवटच्या काही वर्षांत लिहायला लागले आणि निवृत्तीनंतर लिहिणं हेच रोजचं काम झालं. ओळखीचे लोक मायेने म्हणतात, ‘बरं झालं, सुटलात एकदाच्या त्या धावपळीतून. आता निवांत लिहा.’ पण मला तिथून सुटायचंच नाही. वॉर्डाने अंगात जी शिस्त मुरवली तिच्याच जोरावर मी लिहिते. पगाराच्या कामाला आपण जसे उभे राहतो, वेळेवर, पूर्ण शुद्धीत, दुसऱ्याचा जीव आपल्या हातात आहे हे जाणून, तसंच कागदासमोर बसलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

सकाळी आठला नाईटची सिस्टर मॉर्निंगच्या सिस्टरला ओव्हर देते. नीट ओव्हर द्यायची तर टेबलाशी बसून भागत नाही, दोघींनी प्रत्येक बेडच्या पायथ्याशी जाऊन उभं राहायचं असतं. ‘बेड नंबर अकरा. काल ऑपरेशन झालंय. रात्री दोनला दुखतंय म्हणाले, डॉक्टरांना कळवलं, अडीचला इंजेक्शन दिलं. तीन ते पाच झोप. ही सलाईन दहाला संपेल. रक्ताची चिठ्ठी मुलाकडे दिलीय, तो अजून आला नाही.’ झालं. आपली रात्र किती जड गेली, पाय किती दुखले, यातलं काही नाही. समोरची रात्री तिथे नव्हती, आणि आता तिची ड्यूटी संपेपर्यंत हा माणूस तिच्या हवाली आहे. तिला जे लागेल ते सगळं सांगायचं आणि जे लागणार नाही त्याने तिचं डोकं भरायचं नाही.

लिहिताना माझ्यासमोर हीच मुलगी उभी असते. खांद्यावरची पर्ससुद्धा अजून उतरवलेली नाही, पण कान टवकारलेले आहेत. ती हुशार आहे, तिला ताप म्हणजे काय हे समजावून सांगायला नको. फक्त ती तिथे नव्हती. आमच्या जुन्या घराबद्दल मी ‘मागच्या पडवीत’ असं लिहिते तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे पडवी उभी असते, तिच्यापुढे नसते. विहीर पडवीच्या कुठल्या अंगाला, उजेड कुठून यायचा, हे पुढे लागणार असेल तर आत्ताच सांगितलं पाहिजे. लागणार नसेल तर त्या विहिरीवर माझा कितीही जीव असो, तिला तिथे जागा नाही. वाचकावर विश्वास ठेवणं आणि वाचकाला वाऱ्यावर सोडणं यांत फार थोडं अंतर आहे, आणि ते अंतर राखणं हे लेखकाचं कर्तव्य आहे.

वॉर्डात आणखी एक नियम असतो. केलं आणि लिहिलं नाही, तर ते झालंच नाही. औषध तुम्ही दिलंही असेल, पण केसपेपरवर वेळ आणि सही नसेल तर पुढची सिस्टर ते दिलेलं धरणार कसं? लेखनालाही हे जसंच्या तसं लागू आहे. ‘मला इथे तिचं एकटेपण दाखवायचं होतं,’ असं कुणी आपल्या कथेबद्दल सांगू लागलं की मी कागदावर बोट ठेवून विचारते, कुठे आहे? मनातलं मनात राहिलं, वाचकाच्या हाती काही आलंच नाही.

पण या नियमाची दुसरी बाजू मला जास्त मोलाची वाटते. जे केलं नाही ते लिहायचं नाही. पहाटे तीन-चारच्या सुमाराला शरीर साथ सोडत असतं, वॉर्ड भरलेला असतो, आणि मागच्या रक्तदाबाच्या जवळपासचा एक आकडा टाकून पुढे जाणं अगदी सोपं असतं. कुणाला कळणारही नाही. तिथे हात थांबला पाहिजे. लेखनात अशी पहाट वारंवार येते. कुणी गेलं की श्रद्धांजलीच्या लेखात ‘डोळे पाणावले’ हे शब्द आपोआप उतरतात. पाणावले होते का? तेव्हा मनात खरं काय होतं? कदाचित घशाला कोरड पडली होती, कदाचित त्यांच्याकडून आणलेलं आणि परत द्यायचं राहिलेलं पुस्तक आठवलं होतं. न मोजलेला आकडा चार्टवर गेला तर चुकीचा उपचार होतो. न आलेलं रडू छापलं तर वाचकाचा पुढच्या खऱ्या रडण्यावरचाही विश्वास जातो. दुसरं नुकसान पहिल्याइतकं भयंकर नाही, हे मला समजतं. तरी ते नुकसानच आहे, आणि आपल्याकडे ते फार सहज केलं जातं.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलचं चित्र प्रत्येक नर्सिंग स्कूलमध्ये असतं. हातात दिवा, चेहऱ्यावर करुणा. 12 मे या तिच्या जन्मदिवशी हार घातला जातो. तिने लिहिलेलं मात्र फारशा मुली वाचत नाहीत. 1859 साली निघालेलं तिचं ‘नोट्स ऑन नर्सिंग’ हे पुस्तक परिचारिकांसाठी लिहिलेलं नव्हतंच. घरोघरी आजाऱ्यांची सेवा करणाऱ्या साध्या बायकांसाठी ते होतं. क्रिमियन युद्धात स्कुतारीच्या लष्करी रुग्णालयात तिने जे पाहिलं त्याचं बळ त्यामागे आहे, आणि तिचा सूर करुणेपेक्षा करडा जास्त आहे. निरीक्षणावरचं तिचं प्रकरण मी आजही वारंवार काढते. पेशंटला रात्री बरी झोप लागली का, असं विचारूच नका, असं ती सांगते. एकाला रात्रभरात दोन-चारदा जाग आली तरी रात्र वाईट गेली असं वाटतं, दुसरा थोडीशी झोप मिळाली तरी बरी गेली म्हणतो. किती तास झोप झाली आणि ती कोणत्या वेळात, एवढंच विचारा. म्हणजे उत्तर देणाऱ्याला आपलं मत देता येत नाही, जे पाहिलं तेच द्यावं लागतं.

मी माझ्या लेखांना हेच विचारते. ‘त्यांचं बालपण हलाखीत गेलं.’ हलाखी म्हणजे काय? दोन वेळचं जेवण नव्हतं, की जेवण होतं पण शाळेची फी नव्हती? की सगळं होतं आणि वडील दारू पीत होते? या तीन वेगवेगळ्या हलाख्या आहेत आणि त्यांतून तीन वेगळी माणसं घडतात. ‘गाव बदललं’ हे आणखी एक आवडतं वाक्य. गिरणी बंद पडून गाव बदलतं तसं धरणाचं पाणी येऊनही बदलतं, आणि दोन्हींची वाक्यं एक असूच शकत नाहीत.

नाइटिंगेलच्या त्याच पुस्तकातलं एक प्रकरण कारभारावर आहे. तुम्ही हजर असताना जे होतं ते तुमच्या गैरहजेरीतही व्हावं, अशी व्यवस्था लावता आली पाहिजे, नाहीतर बाकी सगळी सेवा वाया जाते, असं तिचं म्हणणं आहे. लेख छापून गेला की लेखक तिथे नसतो. वाचक एखाद्या ओळीवर अडला तर शेजारी बसून ‘मला असं म्हणायचं होतं’ हे सांगायला कुणी येणार नाही. आणि आपण जिथे नव्हतो तिथलंही नेमकं लिहिता येतं. या बाईने हिंदुस्थानात एकदाही पाऊल ठेवलं नाही, पण इथल्या लष्करी छावण्यांना प्रश्नावल्या पाठवून, आलेल्या उत्तरांच्या ढिगाऱ्यातून, इथलं पाणी, गटारं आणि मृत्यू यांवर तिने 1863 च्या चौकशी अहवालासाठी लिहिलं. नेमके प्रश्न काढणं ही तिची खरी लेखणी होती.

आता मूडबद्दल. नाईटला मूड नसतो, ड्यूटी असते. लेखनाच्या बाबतीत असं बोललं की काही जण दुखावतात, कारण प्रतिभा ही आपोआप येते अशी आपली श्रद्धा आहे. त्यांनी गीतरामायण आठवावं. 1955 च्या रामनवमीला, 1 एप्रिलला, आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून पहिलं गीत गेलं, आणि मग वर्षभर दर आठवड्याला नवं गीत. गदिमांनी लिहायचं, सुधीर फडक्यांनी चाल लावायची, वेळेत ध्वनिमुद्रण व्हायचं. त्या वर्षी अधिक मास आल्याने ठरल्यापेक्षा आठवडे वाढले आणि गीतांची संख्या 56 झाली. पंचांगाने काम वाढवलं आणि कवीने ते केलं! आठवडा कुणासाठी थांबत नाही, या जाणिवेत ती गीतं लिहिली गेली, आणि त्यांत राम बोलतो तसे इतर कितीतरी जण आपापल्या तोंडाने बोलतात. नेमून दिलेल्या कामाने प्रतिभा कोमेजते असं मानणाऱ्याला याहून मोठं उत्तर मी देऊ शकत नाही. गदिमांची प्रतिभा आमच्याकडे नाही, पण ठरल्या वेळी कामावर हजर राहणं आम्हाला जमण्यासारखं आहे.

खाडाखोडीचं थोडक्यात सांगते. केसपेपरवर चुकलेला शब्द गिरवून काळा करायचा नसतो. खालचं वाचता येईल अशी एक रेघ, बाजूला सही आणि वेळ. काय बदललं आणि कुणी बदललं हे दिसलं पाहिजे. माझे कच्चे खर्डे मी असेच ठेवते. संपादकाने काही सुचवलं की राग येण्याआधी नजर त्या जुन्या रेघांवर जाते आणि मला माझंच काम दुसऱ्याच्या डोळ्यांनी दिसतं. वॉर्डात इन्सुलिनचा डोस दुसऱ्या सिस्टरला दाखवून घेण्यात कमीपणा नसतो. चांगला संपादक मिळणं हे तर भाग्य आहे.

एका ठिकाणी मात्र वॉर्ड आणि कागद यांची वाट वेगळी होते. ओव्हरमध्ये माणूस बेड नंबर असतो, आणि तसाच असावा लागतो. माझ्या वॉर्डात एक म्हातारे शेतकरी होते. प्रत्येक ड्यूटीच्या सिस्टरला विचारायचे, ‘पाऊस कुठवर आलाय?’ बीपी बघायला गेलं तरी हाच प्रश्न, जेवण आलं तरी हाच. रिपोर्ट बुकात आम्ही लिहायचो, पेशंट शांत, तक्रार नाही. खरंही होतं ते. पावसाला ताप-नाडी-श्वासाच्या टीपीआर चार्टवर रकाना नव्हता. रकाना नसलेल्या अशा गोष्टींसाठीच मी लिहायला लागले. पण त्यांना रकाना नव्हता म्हणून त्या ढिलाईने लिहाव्यात असं नाही. ते कोणत्या शब्दांत विचारायचे, उत्तर ‘नाही’ आलं की कुणीकडे बघायचे, बांधावर जायला घरी कोण होतं, याला तापाच्या आकड्याइतकाच नेमकेपणा हवा. नाहीतर त्या प्रश्नातला जीव जातो आणि उरते फक्त आपली हळहळ.

सध्या एका दिवाळी अंकासाठी आमच्या वॉर्डातल्या मावशीवर लिहितेय. ज्यांच्याजवळ रात्री कुणी नातेवाईक नसायचं त्यांच्याशेजारी ती स्टूल टाकून बसायची. ‘मावशी फार प्रेमळ होती’ हे वाक्य खर्ड्यात आहे आणि त्यावर एक रेघ आहे. पुढच्या आठवड्यात तिच्या गावी जाणार आहे. विचारायचं ते वहीत लिहून ठेवलंय. स्टूल आधी कुणाजवळ टाकायचं हे ती कशावरून ठरवायची? बसल्यावर बोलायची की नुसती बसायची? पगार हातात यायला उशीर व्हायचा त्या महिन्यात बसचं भाडं कुठून आणायची? तिच्या समोर पहिल्यांदा कुणी गेलं, त्या सकाळी घरी जाऊन तिने मुलांना डब्यात काय दिलं?