खरे आणि आपले

जुने नाणे हाती आले की मनात पहिला प्रश्न येतो तो त्याच्या खरेपणाचा. हे अस्सल आहे की कोणी अलीकडे पाडलेली नक्कल? त्यापाठोपाठ किमतीचा विचार येतो. तिसरा प्रश्न मात्र पुष्कळदा कोणी विचारतच नाही : हे नाणे आपले आहे काय? एखादी वस्तू खरी असणे आणि ती आपली असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मातीतून निघालेल्या नऊ नाण्यांमुळे आमच्या घराला या दोन्ही गोष्टींचा विचार करावा लागला.

आमच्या थोरल्या बंधूंची शेती सिन्नर तालुक्यात, गोदावरीपासून थोड्या अंतरावर आहे. कांद्याच्या चाळीसाठी पाया खणताना कुदळीखाली एक लहानसे मडके फुटले. खापरांतून काळपट, हिरवट पडलेले नऊ वाटोळे तुकडे निघाले. खणणारे गृहस्थ वयाने वडीलधारे. सारे गाव त्यांना तात्या म्हणते. त्यांनी ते तुकडे मुकाट्याने कनवटीला लावले असते, तर कोणाला कळलेही नसते. पण त्यांनी ते दादांच्या ओंजळीत ठेवले.

दादांनी ते सराफाला दाखवले. त्याने एक तुकडा घासून पाहिला, चांदी असल्याचे सांगितले आणि वजनावर भाव केला. "वितळवून टाका. उगाच चौकशी मागे लागायला नको," असा सल्लाही त्याने दिला. दादांना तो पटण्यासारखा होता. सरकारी कचेरीच्या पायऱ्यांची धास्ती शेतकऱ्याला असतेच. तात्या मात्र मला म्हणाले, "गुरुजी, आधी हे काय आहे ते तरी बघा. मग काय करायचे ते करा."

येथेच खरी अडचण होती. नाणी कोणाला न दाखवता त्यांचा खरेपणा कळणार नव्हता. आणि दाखवली, तर ती आमच्याजवळ आहेत हे उघड होणार होते. लपवून ठेवलेल्या वस्तूची पारख होऊ शकत नाही. दुसऱ्याच दिवशी एक नाणे घेऊन मी नाशिकला नाणकशास्त्राच्या एका वृद्ध अभ्यासकांकडे गेलो.

त्यांनी नाणे घासले नाही, धुतलेही नाही. "वरचा थर हाच त्याचा दाखला असतो," ते म्हणाले. त्यांनी ते नाजूक काट्यावर आधी हवेत आणि मग पाण्यात बुडवून तोलले. चांदी पाण्याच्या सुमारे साडेदहा पट जड असते. शिसे तिच्याहून जड भरते आणि पितळ हलके भरते. म्हणून दोन वजनांतील फरकावरून धातूचा अंदाज येतो. त्यानंतर त्यांनी भिंगातून कडा न्याहाळली. साच्यात ओतलेल्या नकली नाण्याच्या कडेला बहुधा जोडाची रेघ दिसते आणि पृष्ठभागावर बारीक छिद्रे असतात; ठोकून पाडलेल्या नाण्यावर ती नसतात. भिंग माझ्या हाती देत ते म्हणाले, "आता चेहरा पाहा."

चेहरा होता, पण पुरा नव्हता. राजाच्या मस्तकावर तीन कमानींच्या टेकडीचा ठसा उमटला होता. क्षत्रप राजा नहपान याच्या नाण्यावर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने आपली मुद्रा ठोकली होती. १९०६ मध्ये आमच्याच परिसरातील जोगलटेंभी येथे अशा चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. त्यात तेरा हजारांहून अधिक नाणी होती आणि त्यांपैकी नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा उमटवलेला होता. गौतमीपुत्राने क्षहरात वंशाचा निःपात केला, असे नाशिकच्या लेण्यांतील शिलालेख सांगतो. त्या शब्दांना या नाण्यांनी साक्ष दिली. ती नाणी वजनावर विकली गेली असती, तर ही साक्षही मुशीत वितळून गेली असती.

"नाणे अस्सल दिसते," अभ्यासक म्हणाले, "पण एवढ्याने ते तुमचे ठरत नाही."

जुने नाणे बाळगणे हा मुळात गुन्हा नाही. वाडवडिलांकडून आलेली किंवा रीतसर विकत घेतलेली नाणी अनेकांच्या संग्रही असतात. शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतात आणि ती खाजगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाहीत. पण जमिनीत पुरलेले धन सापडले, तर त्याला १८७८ चा निखात निधी कायदा लागू होतो. दहा रुपयांहून अधिक किमतीचे असे धन सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे आणि ते सरकारी कोषागारात जमा करावे किंवा त्यासाठी जामीन द्यावा, असे तो कायदा सांगतो. सापडणाऱ्याने धन दडवले, तर त्याचा हिस्सा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. जागेच्या मालकाने त्याला साथ दिली, तर मालकही शिक्षेस पात्र होतो.

परदेशातील एक उदाहरणही त्यांनी सांगितले. १९३३ मध्ये अमेरिकेच्या टांकसाळीत वीस डॉलरची ४,४५,५०० सुवर्णनाणी पाडली गेली. त्याच वर्षी सरकारने लोकांकडील सोने परत मागवल्यामुळे ती चलनात आलीच नाहीत आणि वितळवण्यात आली. काही नाणी मात्र बाहेर गेली. २००४ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका कुटुंबाने अशी दहा नाणी खरेपणा तपासण्यासाठी टांकसाळीकडे दिली. ती अस्सल ठरली, पण परत मिळाली नाहीत. २०११ मध्ये न्यायालयात ती सरकारची ठरली आणि २०१६ मध्ये अपिलातही तोच निर्णय कायम राहिला. त्याच वर्षाचे एक नाणे मात्र सरकारच्या संमतीने खाजगी मालकीचे झाले होते. २०२१ मध्ये त्याला लिलावात सुमारे १ कोटी ८८ लाख डॉलर मिळाले. धातू तोच, ठसाही तोच. फरक होता तो केवळ हक्काचा.

मी परतल्यावर घरात बराच वेळ बोलणे झाले. दादांची पहिली शंका जमिनीविषयी होती. या कायद्यात जमीन काढून घेण्याची तरतूद नाही, हे ऐकून ते थोडे निश्चिंत झाले. मग मी हिश्शाचे कलम वाचून दाखवले. निधी बेवारस ठरला आणि आपसांत वेगळा करार नसेल, तर त्याचे तीन भाग सापडणाऱ्याला आणि एक भाग जागेच्या मालकाला मिळतो. सरकारला तो हवा असेल, तर धातूच्या किमतीवर तिचा पाचवा हिस्सा अधिक देऊन ते तो घेऊ शकते. खोलीत शांतता पसरली. शेत दादांचे होते. पण नाणी तात्यांच्या कुदळीला लागली होती. सराफाच्या दुकानात त्यांचे नावही निघाले नव्हते. कायद्याने मात्र त्यांना पहिले स्थान दिले होते.

अखेर दादांनीच कागद पुढे ओढला. "अर्जावर तात्यांचे नाव वर घाल," ते मला म्हणाले. मिळालेल्या वस्तूंचे वर्णन, अंदाजे किंमत, जागा आणि तारीख लिहून आम्ही नऊही नाणी खापरांसह जमा केली. पोचपावतीवर तात्यांनी सावकाश, एकेक अक्षर जोडत सही केली. दावेदारांसाठी जाहीर सूचना निघते आणि त्यानंतर किमान चार महिन्यांनी चौकशी होते. तोवर वाट पाहणे एवढेच आमच्या हाती आहे.

नऊ नाण्यांची चांदी दोन तोळेही भरली नसती. ती वितळली असती, तर एका राजाचा पराभव आणि दुसऱ्याचा विजय सांगणारा पुरावा नाहीसा झाला असता. आणि एका कष्टकऱ्याचा हक्क कोणाला कळलाही नसता. नाण्याची पारख काटा आणि भिंग यांनी होते. हक्काची पारख करायची, तर ती वस्तू आधी उजेडात आणावी लागते. उजेडात आणल्याने ती आपल्याजवळ राहीलच असे नाही. पण जे आपल्या वाट्याला येईल, ते निःशंक मनाने आपले म्हणता येईल.