घरकोंबडी

खिडकीशी धरून पाहिली तर तिचं रूप कुणाला आवडेल असं नाही. पारदर्शक फिल्मवर शाईनं उमटलेला उलटा चेहरा: केस पांढरे, दात काळे, मागचं आकाश काळपट हिरवं. फिल्मची एक बाजू गुळगुळीत आणि चकचकीत, दुसरी किंचित मंद, बोट जरा धरून ठेवणारी. शाई बसते ती या मंद बाजूवर. कडेला मार्करनं कागदाचं नाव, रसायन आणि मिनिटं लिहिलेली. ही डिजिटल निगेटिव्ह. सायनोटाइप, प्लॅटिनम, सॉल्ट प्रिंट अशा जुन्या रीतींनी हातानं फोटो छापणाऱ्यांचं हिच्यावाचून पान हलत नाही. भिंतीवर मात्र ती कधीच लागत नाही.

जॉन हर्शेल यांनी सायनोटाइप शोधला 1842 मध्ये. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरीसायनाइड यांचं मिश्रण कागदावर फासायचं, वाळवायचं, उन्हात ठेवायचं आणि साध्या पाण्यात धुवायचं की निळं चित्र तयार. ॲना ॲटकिन्स यांनी 1843 पासून समुद्रशेवाळाची चित्रं अशीच काढली. शेवाळ थेट कागदावर ठेवलं, निगेटिव्हचं कामच पडलं नाही. फोटो छापायचा म्हटलं की ती लागतेच, आणि तीही प्रिंटच्याच मापाची. हे लेप मुख्यतः अतिनील किरणांना दाद देतात, तेही सावकाश. छोटी निगेटिव्ह मोठी करून कागदावर टाकणाऱ्या एन्लार्जरच्या दिव्यानं त्यांचं काही होत नाही. त्यामुळे निगेटिव्ह कागदाला चिकटवून ठेवण्याला पर्याय नाही. पूर्वी त्यासाठी भलामोठा कॅमेरा तरी लागे, नाहीतर डार्करूममध्ये निगेटिव्ह मोठी करत बसावं लागे. डॅन बर्कहोल्डर यांचं डिजिटल निगेटिव्हवरचं पुस्तक 1995 मध्ये आलं. तेव्हा अशा फिल्म छपाईच्या धंद्यातल्या इमेजसेटरवर काढून आणाव्या लागत. पुढे इंकजेट प्रिंटर सुधारले आणि निगेटिव्ह टेबलावर छापून मिळू लागली.

छापून मिळाली, पण वळणावर आणावी लागते. तिचा पहिला गुण असा की ती डोळ्यांना फसवते. आपल्याला फिकट हिरवी, आरपार वाटणारी शाई अतिनील किरणांना चांगलीच अडवू शकते, आणि गच्च काळी दिसणारी शाई गळकी निघू शकते. म्हणून तिच्याकडे बघून, बोटांत धरून मत बनवण्यात अर्थ नाही. तिच्याबद्दल विचारायचं ते कागदालाच.

कागदाला विचारायचीही रीत आहे. आधी लेप दिलेल्या कागदावर अर्धी कोरी फिल्म ठेवायची, अर्धा कागद उघडा सोडायचा आणि उजेडाचा वेळ टप्प्याटप्प्यानं वाढवत न्यायचा. ज्या टप्प्याला फिल्मखालचा निळा आणि उघडा निळा सारखेच गडद होतात, फिल्मची कड शोधूनही सापडत नाही, तो आपला वेळ. तो एकदा ठरला की फोटो कुठलाही असो, वेळ बदलायचा नाही. मग शाई. कागद पांढरा राहील इतकी ती दाट हवी. कमी पडली तर पांढरं मळकट होतं. जास्त झाली तर ढगातल्या हलक्या छटा उतरतच नाहीत.

त्यानंतर शून्य ते 100 टक्क्यांपर्यंतच्या करड्या चौकोनांची पट्टी छापायची. धुऊन पूर्ण वाळू द्यायची, कारण सायनोटाइपचा निळा हवेत हळूहळू गडद होत जातो. ओली पट्टी खरं सांगत नाही. वाळलेली पट्टी स्कॅन करून एकेक चौकोन मोजला की कागदाच्या सगळ्या खोडी बाहेर येतात. सावलीकडचे कितीतरी चौकोन एकाच निळ्यात बुडालेले असतात, उजेडाकडचे काही पाण्याबरोबर वाहून गेलेले. समजा, 50 टक्क्यांचा चौकोन 70 टक्क्यांइतका गडद उतरला. मग संगणकात अशी कर्व्ह, म्हणजे छटा दुरुस्त करणारी वक्ररेषा, बसवायची की त्या जागी निगेटिव्हवर शाई जास्त पडेल, उजेड कमी झिरपेल आणि कागदावर 50 चे 50 च उतरतील.

कॅलिब्रेशन म्हणतात ते एवढंच. कर्व्ह लावलेली निगेटिव्ह मूळ फोटोशी पडताळली तर ती धडधडीत खोटं बोलताना सापडते: कुठे उगाच दाट, कुठे उगाच विरळ. पण कागद कुठे वाढवून सांगणार आणि कुठे गिळून टाकणार, हे तिला आधीच ठाऊक असतं. दोघांच्या खोट्याची वजाबाकी होते आणि प्रिंट खरी उतरते.

आता तिचा मोठा दोष. ती पक्की घरकोंबडी आहे. ज्या प्रिंटरची शाई, जो कागद, जे रसायन आणि जो दिवा यांच्यासाठी तिला घडवलं, तेवढंच तिचं जग. सायनोटाइपसाठी केलेली निगेटिव्ह सॉल्ट प्रिंटवर ठेवली तर ती भलतंच काही दाखवते. गिरणीनं कागदाचं सायझिंग (त्याचं शोषण आवरणारी खळ) बदललं तरी तिचा हिशेब चुकतो. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात तर लेपाचा कागद हवेतला दमटपणा ओढून घेतो. मे महिन्यातली पट्टी जुलैत एकदा पुन्हा छापून बघावीच लागते. ऊन रोज वेगळं, म्हणून बरेच जण अतिनील दिव्यांची पेटी वापरतात.

लहरी मात्र ती नाही. घरचं सगळं जिथल्या तिथे असेल तर आज जशी प्रिंट देईल तशीच पुढच्या महिन्यात देईल. ओरखडा पडला, दमट कागदाला चिकटून शाई सुटली, तर काचेच्या निगेटिव्हसारखा तिचा शोक करावा लागत नाही. फाइल असते, दुसरी छापता येते. परत मिळवता येत नाही ती पट्टीवर मोजून काढलेली माहिती.

म्हणून या वाटेला जाणार असाल तर आवडता फोटो थोडे दिवस बाजूला ठेवा. कोरी फिल्म आणि चौकोनांची पट्टी आधी छापा, आणि प्रत्येक आकडा वहीत टिपा. दुसऱ्याची कर्व्ह कुणी फुकट देऊ केली तर सुरुवात म्हणून जरूर घ्या. तिच्या भरवशावर महाग प्लॅटिनम मात्र ओतू नका.