गो-कार्ट : जमिनीच्या दोन बोटं वर

गो-कार्टिंग म्हटलं की आयटीतल्या बहुतेकांना टीम आउटिंग आठवतं. कुठेतरी हायवेलगत एक ट्रॅक, कुणाच्या तरी घामाने ओलं झालेलं भाड्याचं हेल्मेट, पाच-सात फेऱ्या, मॅनेजरच्या गाडीला मागून दिलेला धक्का (हा ऑफिशियली अपघात असतो) आणि नंतर पनीर टिक्का. मीही हे सगळं केलंय. पण त्या ओल्या हेल्मेटच्या पलीकडे एक अख्खा खेळ आहे, हे फारसं कुणाच्या गावी नसतं. तर या शनिवारी त्याबद्दल. याला निमित्त आमचा नऊ वर्षांचा भाचा आहे, पण त्याच्याकडे नंतर येतो. आधी गाडी.

धर्मराजाचा रथ म्हणे जमिनीपासून चार बोटं वरून चालायचा. कार्टची सीट साधारण दोन बोटांवर असते! त्यामुळे काटा पन्नासवर असला तरी अंगाला शंभर वाटतात. बाकी गाडीत आहे काय? लोखंडी नळ्यांची एक चौकट, चार छोटी चाकं, एक इंजिन, एक स्टिअरिंग, दोन पेडल. उजव्या पायाला अ‍ॅक्सिलरेटर, डाव्याला ब्रेक. भाड्याच्या कार्टला गिअर नाही, पायाने दाबायचा क्लच नाही. आणि सस्पेन्शन? तेही नाही. चौकट स्वतःच पिळते आणि झटके खाते, हेच तिचं सस्पेन्शन.

ही गाडी जन्मली तीच मुळी जुगाडातून. १९५६ साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स नावाचा एक माणूस रेसिंग कार बनवणाऱ्या कर्टिस क्राफ्ट या कंपनीत कामाला होता. त्याने लू बोरेली या मित्राला हाताशी धरून नळ्या जोडल्या आणि गवत कापायच्या यंत्राचं टू-स्ट्रोक इंजिन मागे बसवलं. लोक ती पॅसाडेनाच्या रोझ बाउल स्टेडियमच्या पार्किंगमध्ये पळवायला लागले. तिथून सुरू झालेला हा प्रकार आज असा आहे की सेना, शूमाकर, हॅमिल्टन, वर्स्टॅपेन हे सगळे कार्टमधूनच वर गेले.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. इंजिनिअर असाल तर थांबून वाचा, नसाल तर दाजींसारखं वाचा. दाजी म्हणजे ताईचे मिस्टर, शेती करतात, आणि त्यांना हे माझ्या ऑफिसातल्या पोरांपेक्षा लवकर समजलं.

बैलगाडीचा आस जागेवर असतो आणि दोन्ही चाकं त्यावर आपापली फिरतात. वळण आलं की आतल्या चाकाला कमी अंतर, बाहेरच्याला जास्त, पण दोघं सुटी असल्यामुळे अडचण येत नाही. कारमध्ये हेच काम डिफरन्शियल करतं. कार्टमध्ये दोन्ही मागची चाकं एकाच सळईला घट्ट जोडलेली असतात आणि ती सळईच इंजिन फिरवतं. म्हणजे दोन्ही चाकं सारखीच फिरणार. मग वळणार कशी? गाडी सरळच रेटत राहणार. दाजी लगेच म्हणाले, "मग आतलं चाक उचलायला लागंल." अगदी तेच! पुढच्या चाकांची बसवणीच अशी असते की स्टिअरिंग वळवलं की आतलं पुढचं चाक खाली दाबलं जातं, बाहेरचं वर जातं, चौकट पिळते आणि आतलं मागचं चाक क्षणभर जमिनीवरून सुटतं. तेवढ्या वेळात गाडी तीन चाकांवर वळून मोकळी. चौकट फार कडक असली तर ते चाक उचलून धरते, फार मऊ असली तर उचलतच नाही. रेसिंगमधला अर्धा दिवस याच भानगडीत जातो.

यावरून एक उपयोगाची गोष्ट निघते. आपण सगळे पल्सर-स्प्लेंडरवर वाढलेले, त्यामुळे वळणावर अंग आत झुकवायची सवय. कार्टमध्ये तसं केलं की आतल्या चाकावर वजन पडतं आणि ते उचलायला तयार होत नाही. ताठ बसा, वजन बाहेरच्या बाजूला जात असेल तर जाऊ द्या. दुसरं म्हणजे ब्रेक. भाड्याच्या कार्टला तो मागच्या सळईवरच असतो. वळणाच्या मधे दाबलात की शेपूट आधी फिरणार. म्हणून ब्रेक सरळ रेषेत असतानाच उरकायचा, मग बाहेरून आत शिरायचं, आतल्या कडेला घासून परत बाहेर निघायचं. आत हळू, बाहेर जोरात. नवीन माणूस नेमका उलटा जातो, जोरात घुसतो आणि बाहेर पडताना चाकं किंचाळत राहतात. प्रेक्षकांना तोच फास्ट वाटतो, हा भाग वेगळा. टाइमिंगचा कागद वेगळंच सांगतो.

हा कागद हे या खेळाचं खरं व्यसन आहे. बऱ्याच ट्रॅकवर कार्टला एक छोटा ट्रान्सपाँडर लावलेला असतो आणि प्रत्येक फेरीची वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत छापून मिळते. आमच्या धंद्यात प्रोफायलर चालवतात तसंच. कोड स्लो आहे हे सगळ्यांनाच माहीत असतं, नेमका कुठे स्लो आहे हे कागद बघितल्याशिवाय कळत नाही. आणि इथेही पहिला अंदाज नेहमी चुकतो. लोक सरळ पट्ट्यावर जास्त स्पीड शोधत बसतात, तिथे सगळ्यांचंच पेडल तळाला टेकलेलं असतं. वेळ जातो तो त्या पट्ट्याच्या आधीच्या वळणात.

आमच्या खेड तालुक्यात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. (गावाचं सरकारी नाव राजगुरुनगर, पण एस्टीत अजून खेडच.) निमगावच्या खंडोबाच्या घाटात गाडा सुटतो तेव्हा शेजारी दुसरा गाडा नसतो. एकेकाची बारी, समोर घोडी, आणि घाट चढून निशाणापर्यंत किती सेकंद लागले ते घड्याळ. सेकंदाच्या अंशावरून भांडणं होतात, पाहुण्यापाहुण्यांत बोलणं बंद होतं. कार्टिंगमधली क्वालिफाइंग म्हणजे बारीच. नंतरच्या रेसमध्ये मात्र सगळे एकदम सुटतात, तो प्रकार आपल्या घाटात नाही.

दाजींच्या घरी दोन पिढ्यांपासून गाडा आहे. मे २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाची बंदी आली, राज्याने २०१७ मध्ये कायदा बदलला तरी तो हायकोर्टात अडकला, १६ डिसेंबर २०२१ला परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. मधली सात वर्षं दाजींनी बैल विकले नाहीत. बारी नाही, बक्षीस नाही, खुराक चालू. ताई तेव्हा काय काय बोलली असेल ते लिहीत नाही.

हे सांगायचं कारण असं की आता त्याच घरातला आमचा भाचा दोनदा कार्टमध्ये बसून आलाय आणि त्याला रेसर व्हायचंय. मे महिन्यात ताईने मला ओट्याजवळ गाठलं. "तुला कळतं ना यातलं? किती पैसे लागतात ते खरं सांग. ह्यांना नंतर सांग, आधी मला."

मग बसलो एक्सेल उघडून. भाड्याच्या कार्टमध्ये बसायला काही शे रुपये आणि दहा-पंधरा मिनिटं पुरतात. रेसिंग कार्ट हे वेगळं जग. आपल्याकडे राष्ट्रीय पातळीवर बरीच वर्षं रोटॅक्स मॅक्स हा प्रकार चालत आलाय. इंजिन ऑस्ट्रियाचं, १२५ सीसी, टू-स्ट्रोक. (ऑस्ट्रिया म्हटल्यावर इथल्या पोरांना केटीएम आठवते, पण ती चाकणला बनते, हे इंजिन नाही.) लहान मुलांसाठी मायक्रो मॅक्स, मग ज्युनिअर, मग सीनिअर. सीनिअरच्या गाड्या ताशी शंभरच्या पुढे जातात. इंजिनला सील असतं, म्हणजे घरी उघडून ताकद वाढवता येत नाही, आणि वजन कमी भरलं तर सीटला शिसं बांधावं लागतं. हे दोन्ही नियम मला फार आवडतात. पण टायर, इंजिनची सर्व्हिसिंग, मेकॅनिक, प्रवास, टीमची फी आणि प्रॅक्टिस... प्रॅक्टिसचा रकाना मी तीनदा बदलला आणि तिन्ही वेळा तो वाढला. हंगामाचा हिशोब लाखांतच जातो. पुढे परदेशात जायचं तर कोटींत.

ताईला मी दोन उदाहरणं सांगितली. मुंबईचा जेहान दारूवाला वयाच्या तेराव्या वर्षी कार्टमध्ये आला आणि २०११ साली फोर्स इंडियाने देशभरातून निवडलेल्या तीन मुलांत होता. २०२०मध्ये त्याने फॉर्म्युला टूची रेस जिंकली. या खेळात तेरावं वर्ष उशिराचं धरतात, म्हणजे आपल्या पोराचं वय काही टळून गेलेलं नाही. दुसरं उदाहरण हॅमिल्टनच्या वडिलांचं. ते आयटीतलेच! नोकरी सोडून कॉन्ट्रॅक्टवर कामं घेतली आणि एका वेळी चार-चार नोकऱ्या करून पोराचं कार्टिंग चालवलं. हे ऐकून ताई माझ्याकडे ज्या नजरेने बघायला लागली, ते बघून मी विषय बदलला.

आणि तिसरं, जवळचं. कोल्हापूर. तिथे मोहिते रेसिंग अकॅडमीचा ट्रॅक आहे, राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या तिथे झाल्यात. कोल्हापूरचा कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत पोहोचला, ध्रुव मोहिते फोक्सवॅगनच्या कप रेसमध्ये धावला. ट्रॅक गावात असला की काय होतं ते दिसतं. मात्र ही नावं मोठ्या घरची आहेत, हेही ताईला सांगितलं. हॅमिल्टनच्या वडिलांसारखी गोष्ट आपण इतक्यांदा ऐकतो कारण तशा गोष्टी फार थोड्या आहेत. बाकी यादी बघितली तर बहुतेकांकडे पैसा आधीपासून होता. गुणी पोरगा पैशाअभावी थांबला तर त्याची बातमी येत नाही, म्हणून आपल्याला वाटतं तसं कुणी नसेलच.

दाजींना रात्री जेवताना सांगितलं. ते एक्सेल बघत नाहीत, भाकरी मोडत ऐकत होते. म्हणाले, "बैल चांगला हाय का नाय ते आधी घाटात दिसतं. खुराकाचं मग बघू." मग थोडं थांबून, "जमीन नाय विकायची पण. चाकणकडनं लई जण विकून बसल्यात."

तेव्हा ठरलंय असं. पुढचे सहा महिने महिन्यातून एक रविवार भाड्याचा ट्रॅक, तोच ट्रॅक, कागद फाइलला. भाच्याच्या वेळा त्याच्या स्वतःच्या वेळांशीच लावायच्या, कारण भाड्याच्या दोन कार्ट कधीच सारख्या नसतात आणि हलका पोरगा मोठ्यांपेक्षा फास्ट जातो, त्यात कौतुक नाही. वेळ खाली येत गेली आणि पोरगा कंटाळला नाही, तर दिवाळीनंतर दोन दिवस कोल्हापूर, पावणेतीनशे किलोमीटर, तिथल्या जाणकारांना दाखवायला. नाहीतर छंद म्हणून राहील. मी तरी तसाच जातो आणि माझी काही तक्रार नाही. इंजिनिअरिंगला असाल तर तिसराही रस्ता आहे. अनेक कॉलेजांची पोरं मोटारसायकलचं इंजिन घेऊन स्वतः कार्ट बनवतात आणि विद्यार्थ्यांच्या स्पर्धांत उतरवतात. डिप्लोमावाल्यांचं वेल्डिंग डिग्रीवाल्यांपेक्षा सरस असतं, हे डिग्रीवाला म्हणून सांगतोय.

पहिल्यांदा जाणार असाल तर ही गोष्ट मात्र मनावर घ्या. ती मागची सळई उघडी फिरत असते, तुमच्या पाठीमागे वीतभर अंतरावर. केस, ओढणी, स्कार्फ तिच्यात गुंडाळून आपल्या देशात जीव गेलेले आहेत. केस बांधून हेल्मेटच्या आत, ओढणी लॉकरमध्ये, पायात बंद बूट. हेल्मेटचा पट्टा ढिला असेल तर दुसरं मागा. ट्रॅकवाला "कुछ नहीं होता" म्हणाला तर पैसे परत घ्या आणि निघा. गेल्या खेपेला ताईने स्वतः बसायचं ठरवलं तेव्हा तिचा पदर, वेणी आणि मंगळसूत्र यांचा बंदोबस्त करायला आम्हाला पंधरा मिनिटं लागली. तिची सगळ्यात चांगली फेरी दाजींच्यापेक्षा दोन सेकंदांनी कमी होती. तो कागद सध्या फ्रिजवर आहे.