घरघर

मराठीत ‘घरघर लागणे’ याचा अर्थ एकच. संस्था असो, साखर कारखाना असो नाहीतर माणूस, घरघर लागली म्हणजे आता काही खरं नाही! पण कोंबडीला लागलेली घरघर शेवटचीच असते असं नाही. कधी ती खुराड्यातल्या कोंदट हवेची असते, कधी एखाद्या चिवट जंतूची, आणि कधी मात्र आठवड्यात अख्खं खुराडं रिकामं करणारी. आवाज तोच, कारणं वेगवेगळी.

‘इंजिनिअरिंगच्या मॅगझिनमध्ये कोंबड्या कुठून आल्या?’ असं तुमच्या मनात आलं असेल. सांगते. आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात. भातशेती घरच्या तांदळापुरती. आईकडे लहानमोठ्या धरून तेवीस कोंबड्या, काही गावठी, काही गिरिराज. अंड्यांचे पैसे आई एका डब्यात टाकते आणि माझ्या मेसच्या बिलातला बराचसा भाग त्या डब्यातून येतो. त्यामुळे गावाला कोंबडी शिंकली की हॉस्टेलवर मला ठसका लागतो!

गेल्या वर्षी गणपतीच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा दोन कोंबड्या मान झटकत होत्या, शिंकत होत्या. एकीच्या डोळ्याच्या कोपऱ्यात साबणासारखा फेस. गौरीच्या सणासाठी बाबांनी दहाबारा दिवस आधी बाजारातून एक कोंबडा आणला होता, तो याच खुराड्यात. आई म्हणाली, “अगं, इंजिनिअर होणार ना तू? मग बघ, कुठे बिघाड आहे तो!”

बिघाड शोधायचा तर आधी मशीन कसं चालतं ते माहीत हवं. कोंबडीचं श्वासाचं मशीन आपल्यापेक्षा फारच वेगळं आहे. आपल्या छातीखाली असतो तसा स्नायूचा पडदा तिला नसतो. तिची फुप्फुसं लहान आणि जवळजवळ ताठ असतात, ती आपल्यासारखी फुगत नाहीत. हवा खेळवण्याचं काम करतात नऊ पातळ पिशव्या, लोहाराच्या भात्यासारख्या. त्या मानेपासून पोटापर्यंत पसरलेल्या असतात, काही तर हाडांच्या पोकळीतही शिरतात. छातीचं हाड खालीवर झालं की भाता चालतो आणि फुप्फुसातून हवा एकाच दिशेने वाहते. डिझाइन म्हणून अप्रतिम! पण त्याचे दोन तोटे. एक, धरताना छाती आवळली तर कोंबडी गुदमरते, म्हणून आजारी कोंबडी दोन्ही हातांवर सैल धरायची. दुसरा, या पिशव्यांना रक्तपुरवठा कमी, त्यामुळे तिथे पोचलेला रोग लवकर हटत नाही.

आणखी एक गोष्ट. कोंबडीला घाम येत नाही. उन्हाळ्यात दुपारी चोच उघडी टाकून, पंख फाकून ती धापा टाकते ती अंग थंड करण्यासाठी. तिथे औषध नको, सावली आणि पाणी पुरे. पण पावसाळी गारव्यात चोच उघडी दिसली तर मात्र दखल घ्यायची.

दिवसा कोंबड्यांच्या कलकलाटात घरघर कळत नाही. आईची पद्धत अशी, की रात्री सगळ्या बसल्या की खुराड्याशी पाच मिनिटं गप्प उभं राहायचं. मीही उभी राहिले. मला नुसती घरघर ऐकू आली. आईने मात्र अंधारातच सांगितलं, “तिसऱ्या दांडीवरची तांबडी, आणि तिच्या बाजूची तलंग. कालपर्यंत तलंगेला नव्हतं.” एवढा अचूक सेन्सर आमच्या लॅबमध्ये नाही.

मग सुरू झालं फॉल्ट फाइंडिंग. पहिला प्रश्न: किती मेल्या आणि किती वेगाने? कारण मानमोडी आणि बर्ड फ्लू हे दोघे वेगाने ओळखू येतात. मानमोडी म्हणजेच राणीखेत. १९२६ मध्ये हा रोग इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला आणि जावा बेटावर नोंदला गेला, पुढे आपल्याकडे राणीखेतला सापडला आणि तेच नाव चिकटलं. हिरवी पातळ विष्ठा, पिळवटलेली मान, लुळे पडलेले पाय आणि धडाधड मर. त्यावर औषध नाही, लस मात्र उत्तम आहे. पिल्लं पाचसात दिवसांची असताना लासोटाचा थेंब, नंतर दीडदोन महिन्यांनी आर-टू-बीचं इंजेक्शन. आईने दोन्ही वेळेवर दिलं होतं.

बर्ड फ्लूचं नाव महाराष्ट्राला नवं नाही. भारतात तो पहिल्यांदा सापडला तो २००६ च्या फेब्रुवारीत, आपल्याच नवापूरला. २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यात पुन्हा आला. एकाएकी बऱ्याच कोंबड्या मेल्या, तुरे निळेजांभळे पडले, तर तिथे घरगुती डॉक्टरकी बंद! मेलेली कोंबडी कापायची नाही, खायची नाही, विकायची नाही, ओढ्यात टाकायची नाही. थेट पशुसंवर्धन खात्याला कळवायचं.

आमच्याकडे तोवर एकही मेली नव्हती. माना सरळ, विष्ठा ठीक, तुरे लाल. मग पुढची यादी. टॉर्च लावून चोच उघडली: आत पिवळे चिकट थर दिसले असते तर देवी रोगाचा घशातला प्रकार. तोंड सुजून नाकातून घाण वासाचा स्राव असता तर कोरायझा. खोकल्यातून रक्त उडालं असतं तर श्वासनलिकेचा एक विषाणू. जांभया दिल्यासारखी चोच उघडत मान ताणली असती तर श्वासनलिकेत लाल किडे असण्याची शक्यता. ते गांडुळं खाण्यातून येतात. आवाज न करता पिल्लं धापा टाकत असती तर ओल्या तुसावरची बुरशी. यातलं आमच्याकडे काही नव्हतं.

शेवटी मी खुराड्यात वाकले आणि नाक कोंबडीच्या उंचीला नेलं. डोळ्यांतून पाणीच आलं! पावसाची झड आत येऊ नये म्हणून चारही बाजूंनी ताडपत्री घट्ट बांधलेली, खाली तूस ओला, आणि त्यातून निघणारा अमोनिया. श्वासनलिकेच्या आतले बारीक केस धूळ आणि जंतू बाहेर ढकलत असतात. अमोनियाने ते निकामी होतात. म्हणजे दरवाजा उघडाच! उभ्या माणसाच्या नाकाला हा वास जाणवत नाही, कारण कोंबडी राहते जमिनीपासून वीतभर उंचीवर.

तिसऱ्या दिवशी तांबडी गेली. आई काही बोलली नाही, नुसती पायरीवर बसून राहिली. चार वर्षांची कोंबडी होती ती. हात न लावता पिशवीत घालून आम्ही तिला तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी आमच्यासमोर तिला उघडलं. हवेच्या पिशव्या निरोगी कोंबडीत काचेसारख्या पारदर्शक असतात. हिच्या दुधाळ झाल्या होत्या, आत पनीरच्या चुऱ्यासारखे पिवळे कण. नळीत रक्त नाही, किडे नाहीत. डॉक्टर म्हणाले, “सीआरडी दिसतोय. पक्की खात्री हवी तर रक्ताचा नमुना पाठवावा लागेल, पण लक्षणं, वेग आणि हे बघता उपचार सुरू करू या.” सीआरडी म्हणजे जुनाट श्वसनरोग, करणारा जंतू मायकोप्लाझ्मा.

इथे एक गंमत आहे. शेजारच्या काकी आदल्याच दिवशी माणसांची अ‍ॅमॉक्सिसिलिनची कॅप्सूल घेऊन आल्या होत्या, “फोड आणि पाण्यात घाल, गावात सगळे घालतात.” ते औषध जंतूची पेशीभित्तिका बांधू देत नाही. आणि मायकोप्लाझ्माला पेशीभित्तिकाच नसते! भिंतच नाही, तर पाडणार काय? असल्या फुकटच्या डोसांमुळे औषधं बोथट होतात ती माणसांसाठीसुद्धा. म्हणून तर कोलिस्टिन हे माणसासाठी अखेरचा उपाय म्हणून राखलेलं औषध जनावरांना देण्यावर भारतात २०१९ मध्ये बंदी आली.

डॉक्टरांनी टायलोसिन पाण्यातून पाच दिवस दिलं. ऐकायला सोपं. पण पावसात अंगणभर डबकी आणि कोंबड्या त्यातलंच पाणी पिणार! म्हणून पाच दिवस सगळ्या आत बंद, पाणी फक्त औषधाचं, रोज ताजं. आजारी पाच जणी पडवीत वेगळ्या. खुराड्याच्या छपराखाली चारही बाजूंनी वीतभर जागा मोकळी केली, ताडपत्री बाहेरच्या बाजूला उतरती ताणली, ओला तूस काढून कोरडा घातला. चौथ्या रात्री खुराडं शांत होतं.

पण खरी परीक्षा पुढेच होती. मायकोप्लाझ्मा बरा झाल्यासारखा वाटतो, जात नाही. कोंबडी त्याला आयुष्यभर अंगात बाळगते आणि अंड्यातून पिल्लालाही देते. औषधाचा अंश अंड्या-मांसात असतो ते दिवस डॉक्टरांनी लिहून दिले होते. तेवढे दिवस विक्री बंद. (गौरीला त्या वर्षी मटण आलं. सणाचा कोंबडा एका जंतूच्या कृपेने वाचला!) मावशीची कोंबडी खुडूक बसली होती, तिला बारा अंडी द्यायचं कबूल केलेलं. आणि त्याच आठवड्यात दारावर आलेला एक व्यापारी सगळ्या कोंबड्या बऱ्या भावाने घ्यायला तयार झाला. बाहेरून तर सगळ्या ठणठणीत दिसत होत्या. महिनाभर डबा रिकामा राहणार हे आईला माहीत होतं, मलाही.

आईने व्यापाऱ्याला नाही म्हटलं. “आपल्याकडे आला तसाच दुसऱ्याकडे जायचा तो.” मावशीला फोन करून सांगितलं, “काही दिवसांनी अंडी खायला पाठवीन गं, बसवायला नाही.” आता आमच्या खुराड्यात नवी कोंबडी येत नाही आणि जुनी बाहेर जात नाही. या संपल्या की खुराडं धुऊन, काही आठवडे रिकामं ठेवून, नवी पिल्लं आणायची. पुढे बाहेरून आलेला पक्षी महिनाभर वेगळा ठेवायचा.

मित्रांनो, लॅबमध्ये मशीन अडलं की आपण आधी काहीतरी बदलून बघतो, रिसेट मारतो, चाललं तर चाललं. जिथे जीव आहे आणि शेजाऱ्याचंही खुराडं आहे, तिथे तसं चालत नाही. आधी ऐका, वास घ्या, मोजा, मगच औषध. आणि दुरुस्त झालेली वस्तू दुसऱ्याला देण्याआधी ती खरंच दुरुस्त झाली आहे का, हे स्वतःला विचारा. गुणपत्रिकेत याला मार्क नाहीत. पण गावी गेलात की एखाद्या रात्री टॉर्च बंद करून खुराड्याशी पाच मिनिटं उभे राहा. शांतता ऐकू आली तर समजा, घरात कुणीतरी नीट लक्ष ठेवून आहे.

– तृतीय वर्ष, इन्स्ट्रुमेंटेशन