ऐकू आलं नाही तर ब्लँक!

मेसच्या वेळापत्रकाशेजारी एक कागद वर्षातून दोनदा तरी चिकटवलेला असतोच. ‘घरबसल्या टायपिंग करा, महिना पंचवीस हजार कमवा. अनुभवाची गरज नाही.’ खाली फोन नंबरच्या चिठ्ठ्या. दोन दिवसांत निम्म्या चिठ्ठ्या फाडून नेलेल्या असतात. मग विंगमधल्या मुली मला विचारतात, “तुझी आई हेच करते ना गं? खरं असतं का हे?” दर वेळी कॉरिडॉरमध्ये उभं राहून अर्धवट उत्तर देण्यापेक्षा म्हटलं, एकदाच मासिकात लिहून टाकावं!

तर मंडळी, माझी आई मेडिकल ट्रान्स्क्रिप्शनिस्ट आहे. अमेरिकेतला डॉक्टर पेशंट तपासतो, ऑपरेशन करतो आणि काय पाहिलं, काय केलं, कोणतं औषध दिलं हे स्वतः न लिहिता तोंडी रेकॉर्ड करतो. ते ऐकून त्याचा रीतसर रिपोर्ट टाइप करायचा, हे तिचं काम. तो रिपोर्ट पेशंटच्या फाइलमध्ये कायमचा राहतो. पुढचा डॉक्टर त्यावर विसंबून औषध देतो. विम्याचे पैसेही अशाच कागदपत्रांवर मिळतात. १९९०च्या दशकाच्या अखेरीस आणि २००० नंतर हे काम मोठ्या प्रमाणावर भारतात आलं. कारण सोपं होतं. इंग्रजी जाणणारे पदवीधर इथे स्वस्तात मिळत, आणि तिकडचा डॉक्टर झोपलेला असताना इकडे दिवस असे.

आई बी.एस्सी. झूलॉजी. २००६ मध्ये बाबांची फाउंड्री बंद पडली तेव्हा मी दोन वर्षांची होते. आईने पतपेढीतून कर्ज काढलं, मला कराडला आज्जीकडे ठेवलं आणि पुण्याला मावशीकडे राहून सहा महिन्यांचा कोर्स केला. शेजारणी विचारायच्या, “सूनबाई पुण्याला कशाला गेली?” आज्जीचं उत्तर ठरलेलं. “डाक्टरकीचं शिकाय गेलीया!” आज्जी फारसं चुकीचं सांगत नव्हती. पहिले दोन महिने कीबोर्डला हातच लावू दिला नव्हता. नुसती शरीररचना, रोगांची नावं, औषधांचे गट आणि शब्दांची फोड. ‘आयटिस’ म्हणजे दाह, ‘ऑटॉमी’ म्हणजे छेद देणं, ‘एक्टॉमी’ म्हणजे कापून काढणं, ‘ऑस्टॉमी’ म्हणजे तोंड करून ठेवणं. आईची ती दोनशे पानी वही अजून घरी आहे. आमच्या इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या शीटपेक्षा नीटनेटकी!

त्या वहीत एक पान फक्त ‘जुळ्यां’चं आहे. ‘आयलियम’ हा एकच उच्चार, पण मधलं अक्षर ‘ई’ असेल तर लहान आतड्याचा शेवटचा भाग आणि ‘आय’ असेल तर कमरेचं हाड. ‘डिस्फेजिया’ म्हणजे गिळायला त्रास, ‘डिस्फेझिया’ म्हणजे बोलायला त्रास. सेलेब्रेक्स सांधेदुखीवर, सेलेक्सा नैराश्यावर, सेरेबिक्स झटक्यांवर. आता कल्पना करा, हे सगळं एक दमलेला डॉक्टर रात्री सँडविच खाता खाता बोलतोय. तोही कधी टेक्सासचा, कधी फिलिपाइन्सचा, तर कधी चक्क आपल्या आंध्राचा!

आकड्यांचे नियम तर आपल्या मेजरमेंट लॅबमध्ये लावण्यासारखे आहेत. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २००४ मध्ये ‘असं लिहू नका’ अशी यादीच काढली. ५.० मिलिग्रॅम लिहायचं नाही, नुसतं ५ लिहायचं. नुसतं .५ लिहायचं नाही, ०.५ लिहायचं. टिंब पुसट झालं तर डोस दहापट होतो. सिग्निफिकंट फिगर्ससाठी आपण सरांशी एका मार्कावरून भांडतो. तिथे त्या टिंबावर माणूस दगावू शकतो.

पण सगळ्यात मोठा नियम वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहिलेला आहे. ‘ऐकू आलं नाही तर ब्लँक. अंदाज नाही.’ तीन-चार वेळा मागे नेऊन ऐकायचं, शब्दकोश पाहायचा, औषधांचं पुस्तक पाहायचं, आणि तरीही शब्द लागला नाही तर तिथे कोरी रेघ सोडून पुढे जायचं. वरचा तपासनीस, म्हणजे क्यूए, ती भरतो. नाहीतर ती तशीच डॉक्टरकडे जाते. ब्लँक जास्त झाले तर बोलणी बसतात, पण चुकीचं औषध किंवा डाव्याऐवजी उजवा पाय लिहिला तर सगळा रिपोर्टच नापास. कोरी जागा डॉक्टरला दिसते. बेमालूम चूक कुणालाच दिसत नाही.

आता ‘अनुभवाची गरज नाही’ याबद्दल. क्लासने शंभर टक्के प्लेसमेंट देऊ असं सांगितलं होतं. प्रत्यक्षात जिथे जावं तिथे “किती वर्षांचा अनुभव?” असाच प्रश्न. अनुभवाशिवाय काम नाही आणि कामाशिवाय अनुभव नाही, हे चक्र फायनल इयरवाल्यांना नव्याने सांगायला नको! शेवटी एका छोट्या कंपनीने तीन महिने बिनपगारी ट्रेनी म्हणून घेतलं. आईने ते केलं, कारण कर्जाचा हप्ता सुरू होता आणि दुसरा रस्ता नव्हता. सुरुवातीला दहा मिनिटांच्या डिक्टेशनला तिला दोन तास लागायचे. सव्वा वर्ष ऑफिसात काढल्यावर, अचूकता सलग ९८ टक्क्यांच्या वर राहिली तेव्हा कुठे घरून काम मिळालं. म्हणजे ‘घरबसल्या’ हा या धंद्याचा पहिला नव्हे, दुसरा जिना होता.

माझं बालपण त्या दुसऱ्या जिन्यावर गेलं. टेबलाखाली पायाने दाबायचं पेडल होतं. मधे दाबलं की आवाज सुरू, एका बाजूला दाबलं की मागे, दुसऱ्या बाजूला पुढे. शिवणयंत्राचं असतं तसं, पण कपड्याऐवजी रिपोर्ट शिवायचा. पैसे ओळीवर मिळायचे. ओळ म्हणजे कागदावरची नव्हे, तर मोकळ्या जागा धरून ६५ अक्षरांची. म्हणून बेरजा-भागाकार मी आईच्या ओळी मोजत शिकले. तेव्हा लोडशेडिंग जोरात होतं. फाइल चोवीस तासांत परत गेलीच पाहिजे, म्हणून पहिल्या चार महिन्यांच्या कमाईतून इन्व्हर्टर आला, टीव्ही नव्हे! नोव्हेंबरात अमेरिकेतलं घड्याळ एक तास मागे गेलं की फाइली तासभर उशिरा यायच्या आणि आमच्या घरातली झोपही तासभर पुढे सरकायची. कुकरची शिट्टी कधी करायची हेसुद्धा हेडफोन ठरवायचा. बाबांनी नंतर रिक्षा घेतली, पण तिचं डाउन पेमेंट आणि माझी पहिल्या वर्षाची फी त्या ६५-६५ अक्षरांतूनच आली.

मग मशीन आलं. २००९ मध्ये अमेरिकेने इलेक्ट्रॉनिक नोंदींसाठी रुग्णालयांना पैसे देणारा कायदा केला आणि बरेच डॉक्टर स्क्रीनवर खुणा करू लागले. उरलेलं डिक्टेशन आधी सॉफ्टवेअर ऐकू लागलं आणि माणसाकडे राहिलं ते एडिटिंग. ओळीचा दर जवळजवळ निम्मा झाला. कंपनीचं म्हणणं, आता तुम्ही दुप्पट ओळी कराल. आईचं म्हणणं वेगळं होतं. “स्वतः टाइप करताना कान जागा असतो गं. तयार मजकूर वाचताना डोळा झोपतो.” २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने न्युअन्स ही या क्षेत्रातली मोठी कंपनी विकत घेतली. आता तर डॉक्टर-पेशंटचं बोलणं ऐकून थेट नोट लिहिणारी यंत्रं आली आहेत. आईला हल्ली दिवसाला तीन-चार तासांचंच काम येतं, तेही यंत्राने लिहिलेलं तपासण्याचं.

म्हणून चिठ्ठी फाडून नेणाऱ्यांना, आणि घरी ताई-वहिनीसाठी विचारणाऱ्यांना, माझं उत्तर असं. एक, जो काम देण्याआधी डिपॉझिट मागतो तो काम देत नाही, डिपॉझिट घेतो. खरी कंपनी आधी तुमची परीक्षा घेते. दोन, दर विचारताना ओळ किती अक्षरांची, मोकळी जागा मोजतात का, ब्लँकचे पैसे कापतात का आणि पगार कोणत्या तारखेला, हे लेखी घ्या. तीन, निव्वळ टायपिंग शिकवणाऱ्या कोर्सला आज पैसे भरू नका. नव्याने येणाऱ्यांना त्यात फारशी जागा उरलेली नाही. लाइफ सायन्सची पदवी असेल तर मेडिकल कोडिंगची चौकशी करा, किंवा यंत्राच्या नोट्स तपासणाऱ्या कामाची. तिथेही आधी ऑफिस, मग घर. आणि चार, पेशंटची माहिती ही दुसऱ्याची ठेव आहे. आई कधीच, अगदी आज्जीलासुद्धा, “आज एका माणसाचं असं झालं” असं सांगत नाही.

आता माझी पंचाईत. माझा बी.ई.चा प्रोजेक्ट आहे मराठी बोलणं ऐकून लिहिणारं सॉफ्टवेअर! ग्रुपमध्ये विषय ठरला तेव्हा घरी कसं सांगावं हेच कळेना. ज्या यंत्राने आईच्या ओळी खाल्ल्या त्याच्याच धाकट्या भावाला मी खाऊपिऊ घालणार होते. फोनवर सांगितलं. आई थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “कर की. तू नाही केलंस तर दुसरं कुणीतरी करेल. फक्त त्याला ब्लँक सोडायला शिकव.”

मी वाचायला लागले आणि हबकलेच. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी ओपनएआयचं व्हिस्पर हे सॉफ्टवेअर तपासलं, तेव्हा सुमारे एक टक्का तुकड्यांमध्ये कुणी बोललंच नव्हतं अशी वाक्यं त्याने लिहिलेली सापडली. बोलणारा जास्त वेळ थांबला की तो धोका वाढत होता. म्हणजे जिथे आई रेघ सोडते तिथे यंत्र गोष्ट रचतं, आणि तीही शुद्ध व्याकरणात!

तेव्हापासून आमच्या प्रोजेक्टमध्ये एक जास्तीचं मोड्यूल आहे. प्रत्येक शब्दाबद्दल यंत्राला स्वतःला किती खात्री आहे तो आकडा काढायचा, आणि तो ठरावीक मर्यादेखाली असला तर शब्दाऐवजी रेघ छापायची. सर म्हणाले, “डेमोत हे वाईट दिसेल.” दिसतं खरं. पण आम्ही ते ठेवलंय.

दिवाळीत घरी आईला दाखवलं. तिने हेडफोन लावला, सवयीने पाय पेडल शोधायला लागला. एका पानात सात ब्लँक निघाले. मी मान खाली घातली, तर म्हणते, “सातच? पहिल्या महिन्यात माझे एकोणीस होते. शिकेल की!”

पुढच्या महिन्यात व्हायवा आहे. एक्स्टर्नलने विचारलेलं आलं नाही तर काय करायचं, एवढं तरी मला पक्कं माहीत आहे.

– अंतिम वर्ष, संगणक अभियांत्रिकी (मुलींचे वसतिगृह)